सीप्झच्या कुंपणातील योहान आणि आपला आगमनकाळ

नोव्हेंबर महिना संपत आला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या आपल्या उपनगरांत दोन दिनदर्शिका एकाच वेळी चालू असतात. एक बाजाराची आणि दुसरी ख्रिस्तसभेची. बाजाराच्या दिनदर्शिकेप्रमाणे नाताळ केव्हाच सुरू झालेला असतो. मॉलच्या दाराशी कापसाच्या बर्फाने माखलेले झाड उभे असते, स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांकडे सांताक्लॉजच्या लाल टोप्या लटकत असतात, केकची मागणी आगाऊ नोंदवा असे फलक बेकरीवर झळकत असतात. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेप्रमाणे मात्र नाताळ अजून आलेला नसतो. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे असतात, रविवारच्या मिस्सेत गौरवगीत म्हटले जात नाही, आणि वेदीजवळच्या हिरव्या चक्रावरील चार मेणबत्त्यांपैकी एकच पेटलेली असते.

या विसंगतीबद्दल दरवर्षी बाजाराला दोष दिला जातो. आम्हांस त्यात फारसा अर्थ वाटत नाही. बाजार आपले काम चोख करतो. श्रद्धावंतांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : या चार आठवड्यांत आपण नाताळची तयारी करतो, की तयारीला फाटा देऊन नाताळच आधी उरकून घेतो? या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच उपनगरातील एका जुन्या वास्तूची आठवण होणे अपरिहार्य आहे.

कोंडिविट्याचे ओसाड चर्च

अंधेरी पूर्वेला मरोळनजीक कोंडिविटे नावाचे गाव होते. तेथे १५७९ साली पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूंनी एक चर्च उभारले आणि ते बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला समर्पित केले. सुमारे अडीच शतके तेथे उपासना चालली. पुढे १८४० च्या सुमारास गावात साथ पसरली, वस्ती उठली आणि श्रद्धावंत मरोळला येऊन स्थिरावले. तेथे संत योहान शुभवर्तमानकार यांच्या नावाने नवे चर्च उभे राहिले. जुने चर्च मागे पडले. छप्पर गेले, भिंतींतून झाडांची मुळे शिरली, पण दर्शनी भिंत पावसापाण्याला तोंड देत उभी राहिली.

१९७३ साली या परिसरात सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले आणि चर्चचे अवशेष त्याच्या कुंपणाच्या आत आले. आज त्यांच्याभोवती कारखान्यांच्या इमारती आहेत. फाटकावर पहारा आहे, ओळखपत्राशिवाय आत प्रवेश नाही. ईस्ट इंडियन समाजातील भाविकांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे अलीकडच्या काळात वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या उघड्या भिंतींमध्ये मिस्साबलिदान अर्पण होत आले आहे. त्या दिवशी मरोळ, कोंडिविटे आणि आसपासच्या गावठाणांतील लोक तेथे जमतात आणि संध्याकाळपर्यंत फाटक पुन्हा बंद होते.

हे चर्च ज्याच्या नावाने आहे तो योहान आगमनकाळाचा प्रमुख संदेष्टा आहे. आगमनकाळाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानात तोच आपल्यासमोर येतो. अरण्यात उभा राहून प्रभूचा मार्ग सरळ करा असे सांगणारा, राजवाड्यात न रमलेला, अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र ल्यालेला हा माणूस. अशा संदेष्ट्याचे मंदिर निर्यातक्षेत्राच्या कुंपणात असावे आणि वर्षातून एकदाच तेथे जाण्याची परवानगी मिळावी, ही आपल्या अवस्थेची नेमकी खूण आहे, असे आम्हांस वाटते. अनेकांच्या मनातही योहानाला अशीच परवानगी असते. त्याचे वाचन झाले, प्रवचन झाले, फाटक बंद झाले.

बाजाराकडून शिकण्यासारखे

सीप्झमध्ये आरंभी इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग मोठा होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे रत्ने आणि दागिन्यांचा व्यवसाय वाढला. येथे घडलेले हिरेजडित दागिने मोठ्या प्रमाणात अमेरिकेला जातात, आणि तेथील विक्रीचा सर्वांत मोठा मोसम नाताळचा असतो. म्हणजे ज्या अंगणात योहानाचे चर्च पडले आहे, त्याच अंगणात हजारो कारागीर दरवर्षी नाताळसाठीच राबत असतात.

त्यांची तयारी केव्हा सुरू होते हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या दुकानात ठेवायचा दागिना डिसेंबरमध्ये घडवून चालत नाही. नमुने आधी ठरतात, मागण्या वर्षाच्या मध्याला नोंदल्या जातात, पावसाळ्यात आणि गणपती-दिवाळीच्या दिवसांत रात्रपाळ्या चालतात, आणि आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटण्याआधी बहुतेक माल रवाना झालेला असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा निर्यातदारांनी तेथील रोजगाराविषयी जाहीर चिंता व्यक्त केली, ती याच कारणाने. घाव नेमका तयारीच्या महिन्यांवर बसला होता, आणि तयारीचा काळ गेला की सणाच्या दिवशी काही करता येत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते.

प्रभू येशूने अप्रामाणिक कारभाऱ्याचा दाखला सांगताना हीच खंत व्यक्त केली होती की या जगाची लेकरे आपल्या व्यवहारात प्रकाशाच्या लेकरांपेक्षा अधिक शहाणी असतात. तयारी कशाला म्हणतात हे खरे तर आपल्या पूर्वजांनाही चांगले माहीत होते. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करणारी, मे महिन्याच्या उन्हात मिरच्या वाळवून वर्षभराचा बॉटल मसाला भरून ठेवणारी आपली आजी काही सणाच्या आदल्या संध्याकाळी मसाला कुटायला बसत नव्हती. जे स्वयंपाकघराला कळते ते अंतःकरणाला का कळू नये?

सण आधी की तयारी आधी?

ख्रिस्तसभेने ही तयारी मोठ्या विचाराने आखली आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत केव्हाही येतो. म्हणून हा काळ कधी पूर्ण २८ दिवसांचा असतो, जसा २०२२ साली होता, तर कधी अवघ्या २२ दिवसांचा, जसा २०२३ साली होता. त्या वर्षी चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी आली. १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेचा रोख विशेषतः प्रभूच्या अंतिम आगमनाकडे असतो. जागे राहा, हा तिचा सूर असतो. १७ डिसेंबरपासून उपासना बेथलेहेमकडे वळते. तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रे चालतात, कारण प्रतीक्षा दुःखी नसते. तिच्या पोटात आनंद असतो. नाताळचा उत्सव २५ डिसेंबरला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.

आपल्या उपनगरांतील प्रत्यक्ष क्रम पाहा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कार्यालयांतील, शाळांतील, सोसायट्यांतील आणि आपल्या संघटनांतीलही नाताळ-मेळावे सुरू होतात. गव्हाणीतील बाळाची गाणी आगमनकाळातच गाऊन संपतात. २५ तारखेच्या दुपारी बिर्याणी झाली की अंगात त्राण राहत नाही, आणि २६ तारखेला, ज्या दिवशी ख्रिस्तसभा पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याचे स्मरण करते, त्या दिवशी घरातला नाताळ संपलेला असतो. यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण प्रतीक्षा न करता मिळालेली भेट आणि वाट पाहून मिळालेली भेट यांत फरक असतो, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे.

मराठी मनाला हा फरक नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी तीनेक आठवडे चालतो. आज मोटारीने काही तासांत दर्शन घेऊन परतता येते हे त्याला माहीत असते, तरी तो चालतो. त्या चालण्यातच त्याचे मन दर्शनाला योग्य होत जाते. आपल्या ख्रिस्ती साहित्याचा वारसाही हेच सांगतो. ज्या १५७९ साली कोंडिविट्याचे चर्च बांधले गेले, त्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जवळजवळ ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे त्यांनी दोन भाग केले. पहिल्या पुराणात निर्मितीपासून संदेष्ट्यांपर्यंतची, तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या मानवजातीची कथा आहे. प्रभूचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. म्हणजे मराठीतील या पहिल्या ख्रिस्ती महाकाव्याने वाचकाला हजारो ओव्या वाट पाहायला लावली आणि मगच बेथलेहेमला नेले. आपण मात्र पहिले पुराण वगळून थेट दुसरे उघडू पाहतो.

सणाचा बाह्य थाट कमी झाला म्हणून सण कमी होत नाही, याचाही अनुभव या शहराने घेतला आहे. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंधने आली. त्यानंतर पटांगणांत होणाऱ्या मध्यरात्रीच्या मिस्सा अनेक धर्मग्रामांत संध्याकाळकडे सरकल्या. तेव्हा जुन्या पिढीला हळहळ वाटली, पण सणाचा गाभा शाबूत राहिला. २०२० साली तर महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे महामारीमुळे महिनोन्‌महिने बंद राहून १६ नोव्हेंबरला उघडली आणि २९ नोव्हेंबरला आगमनकाळ सुरू झाला. २२ डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी लागली. मेळावे नव्हते, घरोघर फिरणारे गायकवृंद नव्हते, पाहुणे नव्हते. होती ती केवळ प्रतीक्षा. लसीची, आजारी माणूस घरी परतण्याची, पुन्हा एकत्र प्रार्थना करण्याची. कितीतरी कुटुंबांनी त्या वर्षी संदेष्टा यशया प्रथमच आपल्यासाठी बोलतो आहे असे अनुभवले. तो अनुभव पुन्हा मिळावा म्हणून महामारीची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

मग आम्ही काय करावे?

अंतःकरणाची तयारी म्हणजे डोळे मिटून मनात काही उदात्त भाव आणणे, असा एक समज आहे. योहानाला तो मान्य नव्हता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करावे? त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके व्यावहारिक आहे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायाने कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे. त्याने कोणालाही धंदा सोडून अरण्यात यायला सांगितले नाही. ज्याला त्याला त्याच्या धंद्यातच वाकडी झालेली वाट दाखवली आणि ती सरळ करायला सांगितले.

आज अंधेरी किंवा घाटकोपरमधील ख्रिस्ती माणसाने हाच प्रश्न विचारला तर उत्तर काय येईल? घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पगाराचा आकडा आठवावा लागेल. तिला आठवड्याची सुटी मिळते का, आजारपणात पैसे कापले जातात का, हे पाहावे लागेल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, आणि या कामगारांसाठी देशव्यापी चळवळ उभारण्यात सिस्टर जीन डेव्होस या धर्मभगिनीचा पुढाकार होता, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान आपल्या उंबरठ्याच्या आतही दिसला पाहिजे. नाताळला तिच्या हातावर फराळाचे ताट ठेवणे चांगलेच, पण योहान आधी तिच्या पगाराची चौकशी करील.

सोसायटीच्या समितीवर असणाऱ्याला विचारावे लागेल की पुनर्विकासाच्या कागदांवर सही करताना वृद्ध भाडेकरूचे म्हणणे कोणी ऐकले काय. गावठाणातील वाडवडिलांच्या जमिनीवरून दोन भावांची कुटुंबे वर्षानुवर्षे बोलत नसतील, तर त्यांच्यासाठी मार्ग सरळ करणे याचा अर्थ एकच आहे, आणि तो त्यांना ठाऊक आहे. दुकानदाराने वजनकाटा पाहावा, कंत्राटदाराने मजुराची थकलेली रक्कम पाहावी, विद्यार्थ्याने मोबाईलवर दुसऱ्याची बदनामी करणारा संदेश पुढे पाठवताना बोट आवरावे. आणि ज्या घरातील मुले आखाती देशांत किंवा कॅनडात आहेत, त्या घरातील एकट्या आईबापांचे दार या चार आठवड्यांत एकदा तरी शेजाऱ्याने वाजवावे.

याच ठिकाणी प्रायश्चित्त संस्काराचे स्थान येते. उपनगरांतील बहुतेक धर्मग्रामांत आगमनकाळात शेजारचे धर्मगुरू एकत्र येऊन पापनिवेदन ऐकतात. तरीही सर्वांत लांब रांग २३ आणि २४ डिसेंबरला लागते, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात अर्धी राहिलेली खरेदीची यादी असते. आमची आग्रहाची विनंती आहे की हा संस्कार पहिल्या दोन आठवड्यांतच स्वीकारावा. कारण पापनिवेदनाने काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. ज्याचे पैसे द्यायचे आहेत ते द्यायला, ज्याची क्षमा मागायची आहे त्याच्या घरी जायला दिवस हाताशी लागतात. २४ तारखेच्या रात्री क्षमा मिळते, पण भावाच्या घरी जायला वेळ उरत नाही.

अंतःकरणाची गव्हाणी

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी आगमनकाळावरील आपल्या प्रवचनांत प्रभूच्या तीन आगमनांचा विचार मांडला. पहिले बेथलेहेमचे, तिसरे युगाच्या अंतीचे, आणि या दोहोंच्या मधले एक, जे दृष्टीला दिसत नाही. ते माणसाच्या अंतःकरणात घडते. पहिले घडून गेले आहे, तिसऱ्याची घटका आपल्या हाती नाही. आपल्या वाट्याला येते ते मधले आगमन, आणि त्यासाठी जागा लागते. मुंबईत जागेचे मोल काय, हे आम्ही सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीतही पाहुणा आला की गादी सरकवून जागा करणारी माणसे या शहरात राहतात. प्रभूसाठी तेवढीच सरकवासरकव हवी असते.

पवित्र मरियेने ती जागा कशी केली, हे आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी आपण ऐकतो. त्याआधी ८ डिसेंबरला तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण येतो. बोरिवलीतील आय. सी. कॉलनी आपले नावच या सणावरून मिरवते. त्या नावाचा पत्ता रोज लिहिणाऱ्या हजारो लोकांनी त्या दिवशी एवढेच आठवावे की परमेश्वराने पुत्राला पाठवण्याआधी आईचे अंतःकरण तयार केले. म्हणजे तयारी करणे हे परमेश्वराचेही काम आहे, आणि आपण त्याच्या कामात हात घालतो आहोत.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिला गोठा मांडला तेव्हा तेथे गवताने भरलेली गव्हाणी, बैल आणि गाढव होते. बाळाची मूर्ती नव्हती. आपल्या चर्चमधील गोठ्यातही गव्हाणी नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवतात. काही कुटुंबांत मुले एकेका सत्कृत्यासाठी गवताची एकेक काडी तिच्यात ठेवतात. ही प्रथा प्रत्येक घरात सुरू व्हावी असे आम्हांस वाटते, आणि काड्या ठेवण्याचे काम फक्त मुलांवर सोडू नये. पहिल्या आठवड्यात रोज रात्री मोबाईल बाजूला ठेवून पंधरा मिनिटे कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी. दुसऱ्या आठवड्यात पापनिवेदन करावे. तिसऱ्या आठवड्यात ज्याचे देणे लागतो त्याचे द्यावे, मग ते पैशाचे असो वा क्षमेचे. चौथ्या आठवड्यात कुलकुल वळायला बसताना शेजारच्या घरालाही हाक मारावी. लघु ख्रिस्ती समूहांनी शक्य असेल तर आपला नाताळ-मेळावा २५ तारखेनंतर, नाताळच्या खऱ्या दिवसांत ठेवावा आणि त्याआधीचे दिवस प्रतीक्षेला मोकळे सोडावेत.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो-३ ची गाडी सीप्झला थांबते. सकाळी तेथे उतरणाऱ्या गर्दीत आपल्यापैकीही अनेक जण असतात, आणि त्यांच्या कारखान्यांच्या सान्निध्यात योहानाच्या चर्चची भिंत उभी असते. फाटकाचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण योहानाचा प्रश्न फाटकाबाहेर, मरोळ नाक्यावर, मुलुंडच्या बाजारात, बोरिवलीच्या घराघरांत पोहोचवणे आपल्या हाती आहे. वाचकहो, या आगमनकाळात तो प्रश्न प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर २४ डिसेंबरची वाट पाहू नये. प्रभू येशू आपणां सर्वांना जागृत आणि आनंदी अंतःकरण देवो.